गाठवून आणलेली बोरमाळ

पावती सत्यजीतच्या फिरायच्या पँटच्या खिशात सापडली. शिरूरच्या सराफाची होती. 'बोरमाळ एक. जुने मणी, गाठवून दिली.' खाली मंगळवारची तारीख.

अनुपमानं ती दोनदा वाचली आणि पलंगावर बसली. नवी केली असती तर एक वेळ समजलं असतं. आज दिली, उद्या विसरला. पण कुणाची तरी जुनी, तुटलेली माळ स्वतः सराफाकडे नेऊन गाठवून आणायची, ही सलगी फार पुढची होती. तिच्या घड्याळाचा पट्टा दोन महिने तुटलेला होता, तो काही याला दिसला नव्हता.

'शिलातीर'मध्ये राहायला येऊन त्यांना वर्ष झालं होतं. कुकडी नदीच्या घळीच्या काठावर सव्वीस बंगले, पोहायचा तलाव, आणि टाकळीच्या रांजणखळग्यांकडे जायला फरसबंद वाट. मोबाईलची रेंज तेवढी गच्चीवरच यायची. दर रविवारी आठ वाजता पुण्याचे डॉक्टर आणि आर्किटेक्ट टोप्या घालून ही खडकातली कुंडं बघायला निघत. पुढे गाईड धनश्री, बावीस वर्षांची. ती खडकांवरून अशी चालायची, की निम्म्या पुरुषांची नजर पाण्यापर्यंत पोचायचीच नाही.

सत्यजीत मात्र त्या घोळक्यात कधी गेला नाही. तो सहालाच एकटा बाहेर पडायचा. परत यायचा तेव्हा चेहरा उजळलेला असायचा आणि नाश्त्याला भूक नसायची.

या वर्षात तो बदललाही होता. जेवल्यावर आपलं ताट आपण धुवायचा. कामाच्या सरूबाई चहा घेऊन आल्या की उठून उभा राहायचा आणि कप हातातून घ्यायचा. लग्नानंतर सहा वर्षं ज्यानं पाण्याचा ग्लास जागचा हलवला नाही, तो एकाएकी देवमाणूस होतो, म्हणजे त्याला मनातून काहीतरी खातंय. एवढं न कळायला अनुपमा काही दूधखुळी नव्हती.

लग्न ठरताना वडिलांनी विचारलं होतं, "मुलगा म्हणतो, त्याला मागंपुढं कुणी नाही. चालेल ना?" तिला उलट बरंच वाटलं होतं. सासू नाही, नणंद नाही, नवरा सगळाच्या सगळा आपला. आणि आता तोच वाटून घ्यायची वेळ आली होती.

तिनं सरूबाईंना हाक मारली. साठीच्या या बाईंना इथं राहायला आल्यावर सत्यजीतनंच कुरकुंभकडून आणलं होतं, त्याच्या कारखान्यातल्या कुणाच्या तरी ओळखीनं. दर रविवारी पहाटे उठून त्या कुंडावरच्या देवीला जात.

"सरूबाई, कुंडावर साहेब दिसतात का तुम्हाला?"

"दिसत्यात की. खडकावर बसत्यात. पानी बघत्यात."

"सोबत कोण असतं?"

"तरनीताठी न्हाई कुनी."

अनुपमानं पावती वाचून दाखवली. सरूबाईंचा हात पदराच्या गाठीवर गेला आणि तिथंच राहिला.

"ती धनश्रीच असणार," अनुपमा म्हणाली. "या रविवारी नीट बघून या. मला फक्त नाव पाहिजे."

"आन् मग, बाईसाहेब?"

"मग ती इथं राहणार नाही. नाहीतर मी राहणार नाही."

सरूबाई "व्हय" म्हणून पीठ मळायला निघून गेल्या.

रविवारी अनुपमाला काही राहवलं नाही. पक्षी बघायला घेतलेली दुर्बीण घेऊन ती साडेसहालाच गच्चीवर गेली. घळीच्या वळणापाशी काळ्या खडकावर सत्यजीत बसला होता. पायात बूट नव्हते. शेजारी मोठा धोंडा होता आणि धोंड्याआड कुणीतरी होतं. माणूस दिसत नव्हतं. मग त्या आडून एक हात पुढे आला, बाईचा. हातात घास होता. सत्यजीतनं वाकून तो तोंडात घेतला.

लग्नाच्या पंगतीत अनुपमानं भरवलेला घास त्यानं हसून हातात घेतला होता. सगळ्यांसमोर लाज वाटते, म्हणाला होता.

खाली येऊन तिनं बॅग भरली. बॅग भरूनही मन शांत होईना, म्हणून सोसायटीच्या कमिटीला अर्ज लिहायला बसली. गाईड धनश्रीचं वर्तन चांगलं नाही, तिला ताबडतोब काढून टाकावं. सही करताना पेन कागदात रुतलं.

तेवढ्यात सरूबाई आल्या. मागे फाटकाशी सत्यजीत उभा होता. आत यायला त्याचे पाय उचलत नव्हते. बघून घे आता, अनुपमाला वाटलं.

"तीच ना?" तिनं विचारलं.

सरूबाईंनी टेबलावरचा कागद बघितला, दारातली बॅग बघितली. "काय लिवलंया?"

"धनश्रीला काढून टाका म्हणून."

"ते फाडा. त्या लेकराचा काय बी दोष न्हाई."

"मग कोण? तुम्हीही सामील आहात का तिला?"

सरूबाईंनी पदराची गाठ सोडली. आत बोरमाळ होती. मणी झिजलेले, दोरा नवा, लालभडक.

"ही तुमच्याकडं कशी आली?"

"माझीच हाय. तुटून पडली हुती. म्या म्हनलं त्याला, गाठवून आन, तुटकी कशी घालायची."

साहेबांना त्या 'त्याला' म्हणाल्या. अनुपमानं फाटकाकडे बघितलं. सत्यजीतनं मान खाली घातली होती.

सरूबाई पुढे आल्या. दोन्ही हातांत माळ धरून त्यांनी ती अनुपमाच्या गळ्याजवळ नेली.

"सूनमुख बघताना सासूनं घालायची असती ही," त्या म्हणाल्या. "सात वर्सं झाली, माझं राहूनच गेलं."