खिडकीखालचा ठेका

अकरा दिवस वडील बेशुद्ध होते. हाक, चिमटा, डोळ्यांवर टाकलेला प्रकाश, कशालाच दाद देत नव्हते. "संध्याकाळपर्यंत वाट बघू," डॉक्टर म्हणाले होते. "नाहीतर श्वासाचं यंत्र काढायचं का, ते तुम्हाला ठरवावं लागेल."

आणि नेमका दुपारीच खिडकीखालच्या मैदानात संगीत महोत्सवाचा दणदणाट सुरू झाला. निदान हे तास तरी शांततेत जावेत, म्हणून मुलगी तरातरा खाली उतरली. भांडायच्या तयारीनंच गेली होती. पण वडिलांचं नाव ऐकताच आयोजक वरमला.

"अहो ताई, त्यांच्या ड्रमवर नाचायला शिकलो आम्ही! आधी नाही का सांगायचं? ए, बंद करा रे सगळं!"

त्यानं खरोखरच कार्यक्रम शहराच्या दुसऱ्या टोकाला हलवला. संध्याकाळी स्पीकर भरलेला ट्रक दिसेनासा होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली. मग जरा हलक्या मनानं वर आली, तर खाटेशी सिस्टर आणि डॉक्टर उभे.

"गाणी का हो थांबली ताई?" सिस्टर रडवेली झाली होती. "बाबांचं बोट हलत होतं! ठेका बदलला की तेही बदलायचं. सर ऑपरेशनमध्ये होते, ते येईपर्यंत सगळं बंद. मोबाइलवर गाणी लावून त्यांच्या कानाशी धरून बघितली, पण काहीच नाही."

मुलीनं डॉक्टरांकडे पाहिलं.

"मी स्वतः पाहिलेलं नाही, ते मला लिहिता येत नाही," ते हळूच म्हणाले, आणि यंत्र काढायच्या संमतीचा कागद त्यांनी सहीसाठी तिच्यापुढे धरला.