एका वर्षात दोन राजे

"भाई, मी हुसेन बोलतोय." हुसेनमियाँ टेपरेकॉर्डरवर वाकले होते. "दुधाचा टँकर घेऊन सरहद्दीकडे जायचा हुकूम आलाय. परत येईन, न येईन. म्हणून शुद्धीत आहे तोवर सांगतो. गावच्या घरातल्या माझ्या दोन खोल्या मी आजच अस्माला दिल्या. तिचा निकाह तिच्या मर्जीशिवाय होणार नाही. ही कॅसेट गावच्या जमातीच्या बैठकीत वाजवा."

बटण खटकन वर आलं. पाण्याचा पेला घेऊन आलेली त्यांची बायको बदरुन्निसा दारातच थबकली.

सौदीतल्या अल खर्जच्या हवाई तळावरून सकाळपासून विमानं उठत होती. एकेक विमान डेअरीच्या वसाहतीवरून गेलं की चिकटपट्ट्या लावलेल्या काचा थरथरायच्या. रियाधवर इराकची क्षेपणास्त्रं पडत होती. आणि हा माणूस तिथूनही पुढे, थेट उत्तरेला निघाला होता.

परवापर्यंत असं काही नव्हतं. परवा हल्ल्याचा भोंगा वाजला तेव्हा तिघं बंद खोलीत बसली होती. आईचं लक्ष दुसरीकडे लागावं म्हणून अस्मा मोठ्यानं वाचत होती. ती बी.ए.ची परीक्षा बाहेरून देत होती, इतिहास घेऊन. फ्रान्समध्ये हजार वर्षांपूर्वी सरदारांनी आपल्यातल्याच एकाला राजा निवडलं, ह्यू कॅपे त्याचं नाव. नावाचाच राजा, त्याच्याहून जबरदस्त सरदार चिक्कार. त्यानं त्याच वर्षी हट्ट धरला, माझ्या मुलालाही आत्ताच मुकुट घाला. धर्मगुरू म्हणाला, एका वर्षात दोन राजे कसे करायचे? राजा म्हणाला, मी परमुलखात लढाईला निघालोय, मेलो तर?

"मग?" हुसेनमियाँनी विचारलं. मुलीच्या पुस्तकातलं त्यांनी आजवर कधी काही विचारलं नव्हतं.

"मग काय, घातला मुकुट. पुढच्या राजांनीही तेच केलं. बाप हयात असतानाच मुलाला राजा करायचं. घराणं तीनशेवर वर्षं टिकलं."

"आणि तो लढाईला गेला?"

"नाही अब्बा. गेलाच नाही."

दुसऱ्या दिवशी कामावरून आले आणि त्यांनी हुकुमाचं सांगितलं.

गावी बदरुन्निसाचे थोरले दीर इब्राहीमभाई यांनी अस्माचा निकाह आपल्या मेव्हण्याच्या मुलाशी परस्पर ठरवला होता. ईदनंतरची तारीखही काढली होती. पत्र आलं तेव्हापासून अस्मा धड जेवत नव्हती. हुसेनमियाँनी मात्र उत्तरात एवढंच लिहिलं होतं, 'जशी तुमची मर्जी.' बापामागे भाईंनीच त्यांना वाढवलं होतं. भाईंचा शब्द त्यांनी जन्मात मोडला नव्हता. आता बदरुन्निसाला ना खोल्या सुचत होत्या, ना निकाह. नवरा जगला पाहिजे, एवढंच तिला कळत होतं.

तिनं अंगावर काळा अबाया चढवला आणि चार घरं पलीकडे राहणाऱ्या विजयकडे गेली. तो डेअरीच्या कचेरीत कारकून होता.

"विजयभाऊ, ह्यांचं नाव यादीतून काढा हो. साहेबांच्या पाया पडते मी."

"कसली यादी, भाभी?" विजय गोंधळला. "सरहद्दीकडे आपला एकही टँकर जात नाही. हुसेनभाईंना हे सांगितलं कोणी?"

ती तडक घरी परतली. आधी हायसं वाटलं, मग संताप आला.

"कुठलाच हुकूम नाही!" ती म्हणाली. "कालपासून माझा जीव टांगणीला लावलात! कशासाठी?"

हुसेनमियाँनी मान वर केली नाही. "साध्या तोंडानं भाईंना नाही म्हणायची माझ्यात हिंमत नाही गो, बदरू. मरायला निघालेल्या भावाचा शब्द मात्र ते जमातीसमोर मोडणार नाहीत."

बाहेर मोटारीचा हॉर्न वाजला. कॅसेट न्यायला शेजारच्या गावचा कादिर आला होता; तो जेद्दाला निघाला होता. तिथून विमानानं मुंबई, मग गाव. हुसेनमियाँ तसेच बसून राहिले. कॅसेट उचलायला त्यांचा हात पुढे होईना.

बदरुन्निसानं ती उचलली, रुमालात बांधली आणि मोटारीपाशी गेली.

"इब्राहीमभाईंच्याच हातात द्या," ती म्हणाली.

"देतो. हुसेनभाई कधी निघणार?"

डोक्यावरून एक विमान गेलं. ते लांब जाईपर्यंत ती थांबली.

"आजच," बदरुन्निसा म्हणाली, आणि तिनं अबायाच्या बाहीनं डोळे पुसले.