माशाचा पापुद्रा

भिगवणच्या मासळी बाजारात फेकून दिलेली कातडी मनिषा बारामतीला कॉलेजच्या प्रयोगशाळेत आणायची. ती सौम्य आम्लात भिजवून, विरघळून आलेलं कोलॅजन हे प्रथिन गाळून वाळवलं, की भाजलेल्या जखमेवर लावायचा पातळ पापुद्रा तयार व्हायचा.

शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात कुरडया तळताना तिच्या सासूच्या, कुशाबाईंच्या हातावर उकळतं तेल सांडलं. कुशाबाई माळकरी, मासळीला शिवतसुद्धा नसत.

"कशाचं हाय गं ह्ये?" पापुद्रा बघून त्यांनी विचारलं.

"झाडाच्या चिकाचं, आत्याबाई," मनिषानं बेधडक सांगितलं आणि तो हातावर चिकटवला.

महिन्याभरात हात छान बरा झाला. मनिषाला आनंद पोटात ठेववेना. शेजारच्या बायका जमल्या होत्या, त्यांच्यासमोरच ती हसत म्हणाली, "आत्याबाई, शेवटी माशाच्या कातडीनंच हात वाचवला बरं का तुमचा!"

बायका खो-खो हसल्या. कुशाबाईंनी मात्र तो हात हळूच पदराखाली घेतला. ते पाहिलं आणि मनिषाला मान वर करवेना.

 

"म्या इचारलं हुतं की गं तुला," कुशाबाई म्हणाल्या. "आता ह्या हातानं देवाला फूल कसं वाहू?"