शेफरचं बारसं

"बाळाचं नाव काय?" हान्नानं इंग्रजीत विचारलं.

"येसू. पणजीचं," चहा ठेवत प्रियंका म्हणाली. "मला सासूबाईंचं ठेवायचं होतं, तर केवढ्या रागावल्या!"

"मग? मी काय मेले व्हय?" नातीला मांडीवर थोपटत बजाबाई म्हणाली.

सगळे हसले. शेफरनं ते इंग्रजीत सांगितलं, तेव्हा हान्नाही हसली.

शेफर सोलापुरातल्या एका शाळेत भूगोल शिकवतो. या नावानं त्याला अडतीस वर्षं छळलंय. रेशन कार्डावर 'शेखर' आहे, पोरं मागून 'शेफ' म्हणतात. शाळेच्या वेबसाइटवर तेवढं बिनचूक होतं. तेच बघून हान्ना शेफर जर्मनीहून इथवर आली होती.

"हिच्या बाचंच नाव हाय तुजं," बजाबाई म्हणाली. "सायेब सांगोल्याच्या माळावर गवत तपासाय आला हुता. आमच्या मेंढरांसंगं म्हैनाभर ऱ्हायला. लई गुणाचा."

हान्नानं पर्समधून एक पोस्टकार्ड काढलं. वडिलांचं शेवटचं, जुलै सत्त्याऐंशीचं. त्यानंतर काहीच नाही. पोलिसांनी तेव्हा कळवलं होतं, की बिरुदेव नावाच्या मेंढपाळानं त्यांना विजापूरच्या एसटीत बसवून दिलं. बिरुदेव म्हणजे शेफरचे वडील. तेही वारून आता सहा वर्षं झाली.

"माझ्या आईनं ऐंशी ओलांडली," हान्ना म्हणाली. "अजून दर उन्हाळ्यात बाबांचा कोट वाळत घालते. ते आहेत की नाहीत, एवढंच कळू दे. मग तिला तो कोट कुणाला तरी देऊन टाकता येईल."

शेफरला वाईट वाटलं. त्यानं आईला सगळं नीट सांगितलं.

"विजापूरला गेला की," बजाबाई म्हणाली. "पुढचं आमाला काय ठावं? त्याच श्रावणात तू झालास."

हान्नानं मान हलवली. मग म्हणाली, "शेफर हे आमच्याकडे आडनाव. अर्थ मेंढपाळ."

शेफर बघतच राहिला. हे शोधायचं म्हणून जन्मभर राहूनच गेलं होतं. बजाबाईला मात्र त्यात काही नवल वाटलं नाही.

"त्यो सांगायचाच की. मी बी धनगरच म्हणायचा. आमच्या भाकरीवर वाढला न्हवं का म्हैनाभर? आपल्यातलाच त्यो. म्हणून तर नाव घरात घेतलं."

हान्नाचे डोळे भरून आले. तिनं पोस्टकार्ड परत पर्समध्ये ठेवलं आणि वही उघडली.

"शेवटचं विचारा," ती म्हणाली. "बाळाला आपलं नाव ठेवलंय, हे बाबांना कळलं होतं का?"

शेफरनं विचारलं. येसू रडायला लागली होती. बजाबाई तिला खांद्यावर घेऊन उठली आणि पाठ थोपटत, चालता चालताच बोलली.

"त्याला कसं कळंल, लेका? त्यो असता, तर त्याचं नाव ठिवलं असतं व्हय?"

हान्ना पेन हातात धरून भाषांतराची वाट बघत होती.