भक्तीचा हट्ट

"नाही," भक्ती म्हणाली.

प्रभाला आधी ते ऐकूच आलं नाही. कड्यावरून पाणी कोसळत होतं आणि काठावर सहलीला आलेली माणसं एकमेकांना हाका मारत होती. भक्ती गुडघाभर पाण्यात उभी होती. फ्रॉक पार भिजलेला, ओठ निळे पडलेले.

"चल बाळा, शेवटची जीप निघेल," प्रभा पुन्हा म्हणाली.

"नाही. मी नाही येणार."

चपला हातात धरून काठावर उभ्या असलेल्या विश्वासने चमकून बायकोकडे पाहिलं. पोर घरात येऊन सहा महिने होत आले होते. हा शब्द त्यांनी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

भक्ती विश्वासच्या भावाची मुलगी, सात वर्षांची. तिचे आईवडील लातूरच्या रस्त्यावर अपघातात गेले तेव्हा ती आजोळी, अंबाजोगाईला होती. विश्वास-प्रभाला मूल नव्हतं. ते तिला दिल्लीला, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये घेऊन आले. प्रभाने तिच्यासाठी फ्रॉक घेतले, खिडकीशी छोटा पलंग लावला. भक्तीने प्रत्येक गोष्टीला मान डोलावली. जेवायला काय करू म्हटलं की म्हणायची, "काहीही चालेल, काकू." कारलं वाढलं तरी ताट स्वच्छ. एकदा शाळेत पडून कोपर फुटलं, ते प्रभाला आंघोळ घालताना दिसलं. सांगितलं का नाहीस, विचारलं तर म्हणाली, "तुम्ही कामात होतात."

ती कधी रडली नाही. आईचं नाव तिने काढलं नाही.

किती गुणी पोर आहे, असं शेजारणी म्हणायच्या. प्रभाला ते ऐकवेनासं झालं होतं. "पाहुणी राहावी तशी राहते ती आपल्याकडे," ती विश्वासला म्हणाली होती. ती दोघंही तिला पाहुण्यासारखंच वागवत होती. घरात कुणी आवाज चढवत नसे. रागवायची वेळच येत नव्हती.

शेवटी विश्वासने एसटीडी बूथवरून तिच्या अंबाजोगाईच्या आजीला फोन केला. आजी म्हणाली, "तिचं मन लागत नसेल तर दसऱ्याला आणून सोडा. तिला झुरत ठेवू नका." विश्वासने बरं म्हटलं. भक्तीला अजून सांगायचं होतं. त्याआधी तिला एकदा कुठेतरी फिरवून आणू, एवढंच त्यांनी ठरवलं. पावसाळ्यात फिरोजपूर झिरक्याच्या डोंगरात धबधबा वाहतो, असं ऑफिसात कुणीतरी सांगितलं होतं.

धौला कुआँहून हरियाणा रोडवेजची बस, गुडगावला दुसरी, पुढे शेअर जीप. गुडगावच्या बाहेर बाजरीच्या शेतांतून नव्या इमारतींचे सांगाडे वर येत होते. भक्ती मांडीवर हात ठेवून खिडकीशी बसली होती. तहान लागली का, विचारलं तर "नाही, काकू". धबधब्याशी पोहोचल्यावर तिने प्रभाचं बोट धरून पाण्यात पाय घातला. थोड्या वेळाने बोट सोडलं. मग ती जी खेळायला लागली ती थांबेना.

"थांबू या का जरा?" विश्वास हळूच म्हणाला. "आता जायचीच आहे ती आजीकडे, कशाला नाराज करायचं?"

प्रभा हो म्हणणार होती. सहा महिने ती होच म्हणत आली होती. पण भक्तीची हनुवटी थंडीने थरथरत होती.

"नाही," प्रभा म्हणाली. "पुरे आता. गारठलीयस तू. चल बाहेर."

आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. तिने साडी खोचली, पाण्यात उतरली आणि भक्तीचा दंड धरला. भक्ती पाण्यात फतकल मारून बसली आणि तिने भोकाड पसरलं.

"सोड मला. तू वाईट आहेस, काकू. तू मला कधीच काही करू देत नाहीस."

हे साफ खोटं होतं. माणसं वळून बघू लागली. प्रभाने तिला उचललं. भक्ती लाथा झाडत होती, नखं मारत होती. प्रभाच्या मनगटावर लाल ओरखडे उठले.

विश्वास धावत आला. "लागलं का? दे इकडे तिला."

"असू दे," प्रभा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. "ऐकलंस का? मला तू म्हणाली."

जीप सुटायला आली होती. टॉवेलमध्ये गुंडाळलेल्या भक्तीला मांडीवर घेऊन प्रभा मागच्या बाकावर बसली. रडणं थांबलं नव्हतं, पण बदललं होतं. लाथा थांबल्या. प्रभाच्या खांद्यात तोंड खुपसून ती म्हणाली, "मला आई पाहिजे." मग तेच पुन्हा पुन्हा. प्रभा तिला गप्प राहा म्हणाली नाही. नुसती पाठीवरून हात फिरवत राहिली. डोंगर मागे पडला तेव्हा हुंदके उरले होते. भक्तीने प्रभाचा पदर मुठीत घट्ट धरला होता.

विश्वासने टॉवेल भक्तीच्या पायांवर नीट ओढला. मग म्हणाला, "आजीला उद्या फोन करतो. दसऱ्याला येतो म्हणून सांगतो. तिघं जाऊ आणि तिघं परत येऊ."

प्रभाने मान डोलावली.

ड्रायव्हरने आरशातून मागे पाहिलं. "बच्ची को क्या हुआ, बहनजी? तबियत ठीक नहीं है क्या?"

"कुछ नहीं, भैया," प्रभा म्हणाली. "हमारी लडकी बडी जिद्दी है."