माजघराचं दार

"बाळाला जरा गोरं कर गं," इंदूताई स्टुडिओतल्या मुलीला म्हणाल्या. बाळ म्हणजे त्या स्वतःच. बारशाचा हा एकच फोटो होता: पाळण्याशी आत्या, भोवती नटलेल्या बायका आणि मागे माजघराचं काळंकुट्ट दार. आई मात्र कुठेच नव्हती. नवरा नुकताच गेलेला. विधवेने शुभकार्यात पुढे यायचं नाही, असा तेव्हाचा रिवाज. पुढे वर्षभरात तीही गेली. तिचा चेहरा इंदूताईंना आठवतच नव्हता.

मुलीने माउस सरकवला, तसा बाळाआधी फोटोतला अंधारच उजळत गेला. काळं दार राखाडी झालं, चौकट दिसू लागली आणि चौकटीला टेकून उभं असलेलं कुणीतरी.

"अगंबाई! आजी, हे कोण?"

कोरं कपाळ. आणि इंदूताई रोज आरशात बघायच्या तेच नाक, तीच हनुवटी. पाळण्याकडे टक लावून ती बाई कानशिलांवर बोटं मोडत होती.

नकळत इंदूताईंनी पडद्यापुढे मान वाकवली.

"आजी, करू ना बाळाला गोरं?"

"नको गं. आहे तसंच राहू दे. आईने दृष्ट काढलीये माझी."