चार महिन्यांच्या आतलं

काळा पट्टा पुन्हा उमटला होता. तनुजाने प्रयोगशाळेत चाचणीची फिल्म उजेडाकडे धरली, उलटी करून पाहिली. पट्टा काही हटेना. पट्टा म्हणजे नमुन्यात एक ठरावीक प्रथिन हजर. आणि हे प्रथिन वृषणात तयार होतं ते शुक्राणू घडण्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यात. चार महिन्यांच्या आतल्या, अजून वयात न आलेल्या बोकडाच्या पिल्लात ते आलं कुठून?

तीन आठवडे तिचं डोकं चालेनासं झालं होतं. रसायनं बदलली, भांडी बदलली, शेवटी स्वतःच्या हातांवर संशय घेतला. तिच्या गाईड साळुंके मॅडम मात्र हरखल्या होत्या. "अगं, नवा शोध आहे हा," म्हणत त्यांनी परिषदेला शोधनिबंध पाठवूनही दिला. तनुजाची पीएच.डी. आता त्या एका पट्ट्यावर येऊन थांबली होती. आनंद मानावा की घाबरावं, तेच तिला कळत नव्हतं.

शेवटी बर्फाचा डबा उचलून ती सिल्लेखान्यातल्या मटणाच्या दुकानात गेली. तिला पिल्लांच्या वृषणांचे नमुने देणारे इब्राहीमचाचा सुरी धूत होते.

"चाचा, पिल्लं चार महिन्यांच्या आतलीच असतात ना?"

चाचांनी सुरी पुसून बाजूला ठेवली. "खोटं नाय बोलणार, बेटा. दूध पिणारं पिल्लू आपल्या दुकानात कापत नाय. अब्बांची शिकवण हाय."

"मग माझ्या डब्यात काय होतं?"

"बारक्या चणीचे बोकड. वर्षा-दीड वर्षाचे. शिकायलाच न्यायचंय, म्हटलं काय फरक पडतो. नाय म्हटलं असतं तर तू दुसरीकडं गेली असती, अन् तिथं कुणीतरी पिल्लू कापलं असतं."

तनुजाला आधी हसू आलं, मग रडू. चाचांवर चिडायला गेली तर तेही जमेना. एवढं मात्र समजलं, की तिचे हात चुकले नव्हते. पट्टा खरा होता, पिल्लं खोटी होती.

तिथंच दुकानाच्या पायरीवर उभं राहून तिने मॅडमना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. सांगताना तिला हलकंही वाटत होतं.

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"तनुजा," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "हे अजून कुणाला सांगितलंस?"